शंभर रुपयांतले वीस पैसे

लोकप्रतिनिधीने आपल्या कामाचा वृत्तान्त मतदारांपुढे ठेवावा, ही अपेक्षा लोकशाहीइतकीच जुनी आहे. परंतु तो वृत्तान्त कशाचा असावा आणि तो वाचून झाल्यावर मतदाराच्या पदरी नेमके काय पडावे, या प्रश्नांचा विचार आपल्याकडे क्वचितच झाला आहे. विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन आटोपले, की वसईच्या पारनाक्यापासून विरारच्या मनवेलपाड्यापर्यंत आणि आचोळ्यापासून कामणपर्यंत ‘अमुक कोटींचा निधी मंजूर’ अशा मजकुराचे फलक झळकू लागतात. कुठे अंतर्गत रस्ता, कुठे गटार, कुठे समाजमंदिर, कुठे स्मशानभूमीचे सुशोभीकरण, आणि सर्वत्र पेव्हर ब्लॉक. त्यांच्या पाठोपाठ एखादी गुळगुळीत कागदाची पुस्तिका घरी येते. तिच्यावर ‘कार्यअहवाल’ असे शीर्षक असते, आणि आत छायाचित्रांची दाटी इतकी असते की अहवालाला पाय ठेवायला जागा उरत नाही. हे चित्र कोणा एका आमदाराचे किंवा एका पक्षाचे नाही. पक्ष बदलतात, चेहरे बदलतात, पुस्तिकेचा साचा मात्र तोच राहतो.

फलकांवरचा मजकूर बहुधा खराच असतो, आणि ज्या गल्लीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते तिथल्या रहिवाशाला गटाराचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तक्रार आहे ती प्रमाणाची, आणि ती मांडण्यासाठी एक साधा भागाकार पुरेसा आहे. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाखाली महाराष्ट्रातील प्रत्येक विधानसभा सदस्याला वर्षाकाठी ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. सभागृहात सदस्य २८८. म्हणजे सर्वांची मिळून ही रक्कम १,४४० कोटी होते. तत्कालीन वित्तमंत्री अजित पवार यांनी १० मार्च २०२५ रोजी २०२५-२६ या वर्षाचा जो अर्थसंकल्प मांडला, त्याचे एकूण आकारमान होते ७,००,०२० कोटी रुपये. या दोन आकड्यांचे गुणोत्तर काढले, तर राज्याच्या तिजोरीतून जाणाऱ्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे वीस पैसे आमदारांच्या थेट शिफारशीने खर्च होतात असे दिसते. उरलेल्या नव्व्याण्णव रुपये ऐंशी पैशांवरही याच आमदारांचे मत घेतले जाते, आणि त्या मताविना तिजोरीचे कुलूप उघडत नाही. पण आपल्यापर्यंत जो वृत्तान्त पोहोचतो तो प्रायः त्या वीस पैशांचा, आणि फार तर मंत्रालयातून पाठपुराव्याने मिळवलेल्या आणखी काही आण्यांचा असतो. उरलेल्या रकमेविषयी आमचा प्रतिनिधी काय बोलला, काय विचारता झाला, कशाला मान्यता देता झाला, हे आम्हांस कोणी सांगत नाही, आणि आम्हीही ते विचारत नाही.

ही उपेक्षा ज्या अधिकाराची होते, त्याची थोरवी वसईच्या माणसाला तरी वेगळी सांगावी लागू नये. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज पदरी घेतली, आणि तिच्या खर्चापोटी वर्षाला २६ लाखांचे उत्पन्न देणारा मुलूख कंपनीला तोडून दिला. ज्या रयतेच्या साऱ्यातून ते २६ लाख उभे राहत होते, तिची संमती घेण्याचा प्रश्न त्या प्रसंगी कोणाच्या मनातही आला नाही, कारण राजाने खर्च ठरवावा आणि प्रजेने तो भरावा, याहून निराळी रीत त्या काळी अस्तित्वातच नव्हती. ती रीत मोडण्यासाठी पुढे दीड शतक जावे लागले. आज संविधानाच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे शासनाला दरवर्षी जमाखर्चाचे विवरण सभागृहापुढे ठेवावे लागते, अनुच्छेद २०३ प्रमाणे प्रत्येक खात्याच्या मागणीवर विधानसभेची अनुमती मागावी लागते, आणि विनियोजनाचा कायदा संमत झाल्याखेरीज एक रुपयाही काढता येत नाही. पेशव्याने एका सहीनिशी जे केले, ते करण्यास आज मुख्यमंत्र्यालाही आमच्या आमदाराचा होकार लागतो.

परंतु अनुच्छेद २०३ मध्येच अशी एक मर्यादा आहे, की जिच्याकडे फलक लिहिणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही. अनुदानाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीखेरीज, म्हणजे वस्तुतः मंत्रिमंडळाच्या निर्णयाखेरीज, मांडता येत नाही. सभागृह त्या मागणीला मान्यता देऊ शकते, ती नाकारू शकते किंवा तिच्यात कपात करू शकते, वाढ मात्र करू शकत नाही. याचा सरळ अर्थ असा, की खर्च सुचवणे हे काम संविधानाने सरकारकडे सोपवले आणि तो तपासणे हे काम सदस्याकडे. निधी ‘खेचून आणण्याचा’ जो पराक्रम आपल्याकडे वाखाणला जातो, तो विनवणीचा, ओळखीचा व चिकाटीचा पराक्रम आहे. तो उपयुक्त असेल, पण ज्या कामासाठी आपण त्या गृहस्थांना किंवा त्या भगिनींना निवडून दिले, ते हे काम नव्हे. त्यांची खरी आयुधे निराळी आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, लोकलेखा व अंदाज समित्यांतील छाननी, आणि मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठलाग करणारी आश्वासन समिती ही ती आयुधे होत. यांपैकी कोणते कधी उगारले आणि त्याचे फळ काय मिळाले, याची एक ओळही ज्या कार्यअहवालात नाही, तो अहवाल मतदारसंघातील कामांचा असेल. आमदारकीचा खचित नाही.

येथे असे म्हटले जाईल, की विधिमंडळाची कार्यवाही प्रसिद्ध होतच असते, ज्याला जाणून घ्यायचे त्याने ती पाहावी. हे अर्धेच खरे आहे. अधिवेशनाचे दिवस मोजके असल्याने पुष्कळ खात्यांच्या मागण्या अखेरच्या दिवशी चर्चेविना मतास टाकल्या जातात, आणि बहुतेक मते आवाजी मतदानाने घेतली जातात. ‘होय’ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा ठरला की मागणी मंजूर होते, आणि त्या आवाजात कोणाचा कंठ मिसळला होता याची नोंद कोणत्याही दप्तरात राहत नाही. मतविभागणी मागितली गेली तरच नावे लागतात, आणि ती क्वचितच मागितली जाते. अशा स्थितीत आपल्या प्रतिनिधीने काय केले हे कळण्याचा मतदाराला उरलेला एकमेव मार्ग म्हणजे त्या प्रतिनिधीचे स्वतःचे निवेदन. पक्षादेशामुळे त्याला विरोधात मत देता आले नसेल, तर तेही त्याने सांगावे. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या तरतुदीनंतर हे बंधन किती कडक झाले आहे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि बंधनात राहूनही पक्षाच्या बैठकीत आपण कोणता आक्षेप नोंदवला, एवढे सांगण्याने कोणाचे सदस्यत्व जात नाही.

आकड्यांच्या बाबतीत तर निवेदनाची गरज अधिकच तीव्र आहे, कारण सरकारी रुपयाला जन्मापासून खर्चापर्यंत अनेक अवस्थांतून जावे लागते आणि फलकावर या सर्व अवस्थांना ‘मंजूर’ हा एकच शब्द वापरला जातो. भाषणात होते ती घोषणा. अर्थसंकल्पाच्या ग्रंथात लेखाशीर्षाखाली जी रक्कम दिसते ती तरतूद, आणि तीही कधी कधी केवळ लेखाशीर्ष उघडे राहावे म्हणून ठेवलेली नाममात्र. त्यानंतर शासन निर्णयाने प्रशासकीय मान्यता, अभियंत्याची तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, निधीचे प्रत्यक्ष वितरण, आणि सरतेशेवटी देयकाची फेड. यातील कोणत्याही पायरीवर काम वर्षानुवर्षे बसून राहू शकते. २०२५ साली थकलेल्या देयकांसाठी राज्यातील ठेकेदारांच्या संघटनांना आंदोलने करावी लागली; म्हणजे काम झाले, फीत कापली गेली, आणि पैसा मात्र अजून वाटेतच होता. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात चालू वर्षाच्या अंदाजाशेजारी मागील वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याच्याही मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च छापलेला असतो. दोन वर्षांपूर्वी वसई-विरारच्या नावाने जी घोषणा झाली तिचे पुढे काय झाले, हे त्या तिसऱ्या रकान्यातून बऱ्याच अंशी उलगडते. तो रकाना वाचून दाखवणारा आमदार महाराष्ट्रातील कोणत्याही मतदारसंघाला भूषणावह ठरेल.

राज्याच्या एकूण प्रकृतीविषयीही मौन बरे नव्हे. २०२५-२६ च्या त्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी दाखवला होता. तूट ४५,८९१ कोटींची. पुढे चार महिन्यांच्या आत, पावसाळी अधिवेशनात, ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी त्या वर्षी ३६,००० कोटींची तरतूद होती, आणि तिचे दरमहा दीड हजार रुपये नालासोपाऱ्याच्या चाळीतील अनेक घरांना आधार झाले आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जिथे आवक कमी आणि जावक जास्त आहे, तिथे एका कामाला दिलेला रुपया दुसऱ्या कामाच्या हातून काढून घेतलेला असतो. कोणते काम पुढे आले आणि त्यासाठी कोणते मागे सरले, हा निवाडा ज्यांनी मताने मान्य केला त्यांनी तो लोकांना उलगडून सांगितला पाहिजे. मग लोक त्याच्याशी सहमत होवोत अथवा न होवोत.

वसई-विरारच्या बाबतीत हे सांगणे विशेष अगत्याचे का, ते येथील रचनेवरून ध्यानी येईल. हे शहर ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून महापालिका झाले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार होती, आणि त्यानंतर ती किती फुगली हे विरार लोकलच्या डब्यात शिरू पाहणाऱ्याला जनगणनेवाचून कळते. गावांना महापालिका नको होती. त्या असंतोषाच्या लाटेवर विवेक पंडित २००९ साली वसईतून विधानसभेत गेले, २०११ साली २९ गावे वगळण्याचा निर्णय झाला, तो न्यायालयात वर्षानुवर्षे अडकला, आणि अखेर २०२४ साली ती गावे महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय शासनाने केला. विधानसभेत या एका शहराची वाटणी तीन मतदारसंघांत झाली आहे: वसई, नालासोपारा, आणि तालुक्याचा पूर्वेकडील ग्रामीण पट्टा सामावणारा, अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला बोईसर. पाणी आणण्याचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, घरोघर वाटण्याचे महापालिकेचे. लोहमार्ग पश्चिम रेल्वेचा, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, वीज महावितरणची, मिठागरे केंद्राच्या अखत्यारीतली, आणि जिल्ह्याचे मुख्यालय १ ऑगस्ट २०१४ पासून पालघरला. एवढ्या दारांपैकी कोणते ठोठवावे हे सामान्य माणसाला कळत नाही, म्हणून तो आमदाराच्या दारी जातो. आणि तिथे त्याला दिलासा मिळतो, नकाशा मिळत नाही.

सूर्या प्रकल्पाचे पाणी हे याचे बोलके उदाहरण आहे. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने उभारलेल्या प्रादेशिक योजनेतून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणण्याचे ठरले. त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. २०२३ च्या अखेरीस काशीद-कोपरच्या जलकुंभात ते पाणी पोहोचले आणि श्रेयाचे फलक शहरभर लागले. परंतु जलकुंभापासून नळापर्यंतचे अंतर पुष्कळदा धरणापासून जलकुंभापर्यंतच्या अंतराहून दुर्गम असते. अंतर्गत वाहिन्यांसाठी किती रक्कम लागते, तीपैकी राज्याने किती दिली, महापालिकेच्या पदरी किती टाकली, गळती किती, आणि ज्या वस्त्यांत अजून टँकर फिरतो त्यांना मुदत काय दिली आहे, हा खरा वृत्तान्त झाला असता. आणि त्या वृत्तान्ताची दुसरीही एक बाजू आहे. सूर्या प्रकल्पाचे धामणीचे धरण मूळचे डहाणू, पालघर व विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी बांधले गेले. शहरांकडे वळवलेल्या प्रत्येक लिटरावर त्यांची हरकत आहे, आणि ती अनाठायी नाही. बोईसरच्या आमदाराचे काही मतदार नळाच्या टोकाशी राहतात आणि काही सूर्येच्या काठी. दोहोंपुढे एकच निवेदन वाचून दाखवण्याचे धैर्य ज्याला होईल, त्याला आम्ही पुढारी म्हणू.

ज्या गोष्टी फलकावर कधीच येत नाहीत, त्यांच्याविषयी तर बोलणे क्रमप्राप्त आहे. २०२५ च्या ऑगस्टात विरार पूर्वेला एक अनधिकृत इमारत रात्रीच्या वेळी कोसळली आणि १७ माणसे दगावली. त्याआधी काही महिने नालासोपारा पूर्वेला, सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमी यांसाठी राखीव असलेल्या जमिनीवरील ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडाव्या लागल्या आणि कष्टाच्या पैशांनी तिथे घरे घेतलेली कुटुंबे उघड्यावर आली. २०१८ च्या जुलैत शहर दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले, लोकल बंद पडली, मिठागरांतील माणसे अडकली. त्यानंतर नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांची समिती नेमली गेली. राखीव भूखंडावर मजले चढत असताना नगरविकास खात्याला कोणी प्रश्न विचारला होता काय, पुराच्या समितीच्या शिफारशींपैकी कितींना आर्थिक तरतूद मिळाली, धोकादायक इमारतींतील कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली काय मागितले आणि काय उत्तर आले, ही माहिती एखाद्या कोपऱ्यातील व्यायामशाळेच्या छायाचित्राहून आम्हांस अधिक हवी आहे. एखादा प्रश्न विचारलाच गेला नव्हता, असे कळले तरी चालेल. निदान यापुढे तो कोणी विचारायचा हे तरी ठरेल.

आमदार समारंभांना जातात याबद्दल नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. वसई हा उत्सवांचा मुलूख आहे. कार्तिकातली निर्मळची यात्रा, जीवदानीच्या डोंगरावरचे नवरात्र, पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या कोळीवाड्यांतील नारळी पौर्णिमा, नाताळात उजळून निघणारी ख्रिस्ती गावे, वर्षअखेरचा कला-क्रीडा महोत्सव, आणि अलीकडच्या काळात रुजलेली मॅरेथॉन. सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी, भंडारी, ईस्ट इंडियन, वारली अशा नाना समाजांच्या या भूमीत आमदाराने लोकांत मिसळायचे ते अशाच ठिकाणी. लग्नात अक्षता टाकणे, मयताला खांदा देणे, मंडळाच्या आरतीला उभे राहणे यांतून जो परिचय वाढतो तो कोणत्याही कचेरीत वाढत नाही, आणि दबलेल्या माणसाला साहेबांपाशी आपले गाऱ्हाणे मांडायला तेवढीच संधी मिळते. मात्र अहवालात या भेटींची छायाचित्रे येतात आणि तिथे ऐकलेली गाऱ्हाणी येत नाहीत, ही विसंगती आहे. कोळीवाड्यात नारळ वाहून आलेल्या आमदाराला तिथे वाढवण बंदराविषयी कोणी ना कोणी बोललाच असणार. ७६,२२० कोटींच्या या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, त्यात राज्याच्या सागरी मंडळाचा वाटा २६ टक्क्यांचा आहे, आणि आपली मासेमारीची क्षेत्रे जातील ही किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची धास्ती जुनी आहे. त्या धास्तीचे रूपांतर सभागृहातील प्रश्नात झाले काय? गिरीज-भुईगावच्या बागायतदाराने विहिरीचे पाणी मचूळ होत चालल्याचे सांगितले, त्यावर कोणत्या खात्याशी पत्रव्यवहार झाला? समारंभाचा वृत्तान्त अशा रीतीने लिहिला गेला, तर त्याच्याइतके वाचनीय दुसरे काही नसेल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की लोकांना असला रुक्ष मजकूर नको असतो. त्यांना गटार हवे असते. वसईच्या इतिहासाने हा आक्षेप केव्हाच खोडून काढला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईच्या चळवळीत गावोगाव हिंडले, तेव्हा टँकरने उपसले जाणारे भूजल, विकास आराखडा, हरित पट्टा, चटईक्षेत्र असल्या विषयांवरील सभांना शेतकरी आणि गृहिणी तासन्‌तास बसल्या. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या या धर्मगुरूने आराखड्याची परिभाषा बोलीत उतरवली, आणि लोकांनी ती आत्मसात केली. रुक्षता विषयात नसते. सांगणाऱ्याला त्या विषयाचे किती अगत्य आहे यावर ती ठरते.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: ‘झाले नाही’ असे आमदाराने स्वतःच्या सहीने लिहून दिले, तर विरोधक तेच कागद निवडणुकीत फडकावतील. फडकावोत. २०२४ च्या नोव्हेंबरात वसईत स्नेहा दुबे-पंडित, नालासोपाऱ्यात राजन नाईक आणि बोईसरमध्ये विलास तरे निवडून आले; हितेंद्र ठाकूर, क्षितिज ठाकूर आणि राजेश पाटील हे बहुजन विकास आघाडीचे तिन्ही विद्यमान आमदार पराभूत झाले. या निकालाची कारणे ज्याने त्याने आपल्या परीने लावावीत. परंतु दीर्घ काळ काम केलेल्या आमदारांनाही केवळ कामांची यादी तारू शकत नाही, एवढा बोध त्यातून सर्वपक्षीयांनी घेण्यास हरकत नाही. स्थानिक पक्षाच्या आमदाराला ‘राज्य आमचे नाही’ असे म्हणण्याची सोय असते. सत्ताधारी पक्षांच्या आमदारांना ती सोयही नाही. त्यांना अपयशाचे कारण द्यावे लागणारच, आणि ते आपल्या शब्दांत आधी दिलेले बरे.

तिसरा आक्षेप वेळेचा. २०२० च्या जूनमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला; त्या काळात तुंबलेल्या नाल्यापासून दाखल्यापर्यंत प्रत्येक काम आमदाराच्या कचेरीत येऊन पडले, हे खरे आहे. पण २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होऊन शहराला पुन्हा नगरसेवक मिळाले आहेत. नाला ज्याच्या प्रभागात आहे त्याने तो पाहावा, आणि आमदाराने विधानसभा पाहावी, अशी श्रमविभागणी करण्यास याहून योग्य वेळ येणार नाही.

यास्तव आमची सूचना अगदी माफक आहे. वर्षातून दोनदा, अर्थसंकल्पी अधिवेशनानंतर महिनाभरात आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनानंतर तितक्याच मुदतीत, प्रत्येक आमदाराने चार पानांचे निवेदन काढावे. त्यात एकही छायाचित्र नसावे. पहिल्या पानावर सभागृहातील काम: विचारलेले प्रश्न, मिळालेली उत्तरे, घेतलेली आश्वासने आणि त्यांची सद्यःस्थिती. दुसऱ्यावर मतदारसंघातील प्रत्येक मोठ्या कामाची पायरी: घोषणा, तरतूद, मान्यता, वितरण, देयक यांपैकी ते कुठे उभे आहे. तिसऱ्यावर त्या ५ कोटींचा पैन्‌पैचा हिशेब, कामाच्या ठिकाणासह. चौथ्यावर मागितले पण मिळाले नाही अशा गोष्टींची यादी, नकाराच्या कारणासह. शासनाने आमदाराला स्वीय सहायक दिलेला असतो. एवढे लेखन त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. हे निवेदन सार्वजनिक वाचनालयांत ठेवावे, आणि वसई, माणिकपूर, आगाशी, नालासोपारा, विरार, कामण, मांडवी अशा ठिकाणी सभा घेऊन ते वाचून दाखवावे. निवेदनाला अर्धा तास, प्रश्नांना एक तास. आणि वर्षातून एकदा तिन्ही आमदारांनी एकाच व्यासपीठावर यावे, कारण सूर्येचे पाणी, लोकल आणि महामार्गावरची कोंडी मतदारसंघाच्या सीमा जाणत नाहीत, आणि तिघांपैकी प्रत्येकाने उरलेल्या दोघांकडे बोट दाखवण्याची सवय एकत्र बसल्याखेरीज सुटणार नाही.

दोषाचा एक वाटा मात्र आमच्याकडेही येतो. आम्ही आमदाराकडे जातो ते शाळेतील प्रवेशासाठी, बदलीसाठी, शिफारसपत्रासाठी, नळजोडणीसाठी; आणि जे मागितले जाते तेच देण्यात चतुर माणूस वाकबगार होतो. अर्थखात्याच्या मागणीवर तुम्ही काय बोललात, पुरवणी मागण्यांत वसईसाठी काय होते आणि त्यावर मत देताना तुमच्या मनात कोणती शंका आली, असे त्यांना आजवर किती जणांनी विचारले असेल? एखाद्या सभेत दहा माणसांनी हे विचारले, आणि पुढच्या सभेत वीस जणांनी, तर कोणत्याही कायद्याची वाट न पाहता निवेदनाचे स्वरूप पालटेल, कारण मतदार काय विचारतो याकडे ज्याचे लक्ष नाही असा आमदार अद्याप जन्माला आलेला नाही.